ऐकलं

तळघरात बारा दारं एकावर एक रचून ठेवलेली होती, मुठींसकट. सगळ्यांत वरच्या दारावर दर वसंतात मांजर व्यायची.

बसमध्ये एका माणसाने सोल्वायच्या पायावर पाय दिला आणि तिच्याकडे न बघताच "माफ करा" म्हणाला. त्याला काहीही वाटलेलं नव्हतं. तिला तो फार आवडला.

राईचा पाव, त्यावर लिव्हरची पेस्ट, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. डबा उघडायच्या आधी ती खोलीचं दार लावून घेते. आत दुसरं कुणी नसलं तरी.

म्हातारपणी वरचे सूर आधी जातात. खालचे राहतात.

"तुझ्या मनात आत्ता काय आहे?" हे एखाद्या मुलीला रोज विचारत राहिलं, तर ती मनात काही ठेवायचंच सोडून देते. मग ते कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

मंगळवार. कोपनहेगनमध्ये, वाल्बीत, पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं.

"बटण दाबायचं," कान तपासणारी सोल्वाय माइकमधून म्हणाली. "बोलायचं नाही. कितीही बारीक आवाज आला तरी नुसतं बटण दाबा."

काचेपलीकडच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसलेल्या म्हाताऱ्याने मान डोलावली. एब्बे क्रागेलुंड, वय शहात्तर, पत्ता कुठल्याशा वृद्धाश्रमाचा. तिने पहिला सूर सोडला. त्याने बटण दाबलं नाही. डोळे मिटले, हनुवटी थोडी वर उचलली आणि तो म्हणाला, "ऐकलं."

तिने दुसरा सूर सोडला.

"ऐकलं."

आधी सोल्वायच्या पायांना कळलं. पायांखाली एकदम लोकरीची सतरंजी आली, ओली, कुत्र्याचा वास येणारी, आणि गुडघ्यांना गुडघे लागले, कारण सतरंजीवर सगळे गोल करून बसायचे आणि मुलांनाही त्या गोलातच बसावं लागायचं. मग नाकाला कळलं: पाइपचा धूर, उकडलेला कोबी, भिंतींना नुकताच दिलेला चुना. डोक्याला सगळ्यांत शेवटी कळलं. क्रागेलुंड हे नाव तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. त्या घरात कुणाला आडनाव नव्हतं. आडनाव म्हणजे बापाची मालकी, असं ठरलेलं होतं. तसंच 'आई' म्हणजे नोकरीचं नाव, म्हणून मुलांनी आयांना नावानेच हाक मारायची. सोल्वाय आईला मेरेते म्हणायची. 'आई' हा शब्द ती पांघरुणात तोंड घालून, स्वतःलाच ऐकू येईल इतका हळू म्हणून बघायची, इतर मुलं शिव्या म्हणून बघतात तसा. घराचं नाव काचघर. फ्योर्डच्या खाडीकाठी जुना बंगला होता, एका व्यापाऱ्याचा, आणि तो घेऊन त्यात राहायला आलेल्या नऊ मोठ्या माणसांनी पहिल्या आठवड्यात पडदे जाळले आणि दुसऱ्या आठवड्यात सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून तळघरात नेली. संडासाचंसुद्धा. दार काढायची कल्पना एब्बेची. दारं काढताना हाताला लागू नये म्हणून मुलांना लांब उभं करणारा, मग प्रत्येकाला एकेक स्क्रू बक्षीस देणाराही एब्बेच.

"आता उजवा कान," ती माइकमधून म्हणाली. आवाज नेहमीचा होता. तिला त्याचं नवल वाटलं.

एब्बेचं म्हणणं फार सोपं होतं, मुलांनाही समजायचं. माणूस माणसाला मारतो ते लपवलेल्या गोष्टीपायी. युद्ध म्हणजे काय, तर दोन बाजूंनी चाललेलं खोटं. नवरा बायकोला मारतो तो पडदे ओढून. कवट्या जर काचेच्या असत्या, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे जर दिव्यासारखं दिसलं असतं, तर हात उगारायला कुणाला कारण उरलं असतं? आपल्याला एकमेकांची मनं वाचता येत नाहीत, म्हणून ती एकमेकांना वाचून दाखवायची. बस, एवढंच. म्हणून शुक्रवार. शुक्रवारी जेवणानंतर गोल बसायचं, मधे निळी खुर्ची. एकेकाने खुर्चीवर बसून आठवडाभरात दुसऱ्यांबद्दल मनात जे जे आलं ते सांगायचं. सगळं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्न हा हल्ल्याचाच एक प्रकार. बोलणाऱ्याचं संपलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "ऐकलं." उल्ला नावाची एक जाडजूड, हसरी बाई होती, ती खुर्चीवर बसून सांगायची की प्रेबेनचे दात बघितले की मला जेवण जात नाही. ऐकलं. प्रेबेन सांगायचा की उल्ला आंघोळीला गेली की मला तिला बघावंसं वाटतं आणि मी बघतो. ऐकलं. सोल्वायनेही सांगितलेलं आहे. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलवत तिने सांगितलं होतं की मला उल्लाच्या मुलाच्या डोक्यात दगड घालावासा वाटतो. मोठी माणसं भारावून गेली. एब्बेच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे बघा," तो म्हणाला, "आता हिला तो घालावा लागणार नाही."

आणि तिने घातला नाही, हेही खरंच आहे.

तिने सूर खाली आणला. खालच्या पट्टीतला, घुमणारा, भिंतीपलीकडे कुणी तोंड मिटून गात असावं तसला. अगदी बारीक ठेवला. तरण्या माणसालाही कान टवकारावे लागले असते. एब्बेच्या कपाळावर आठी पडली. "ऐकलं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने बटणही दाबलं, जोरात, अंगठ्याने, पुन्हा पुन्हा.

तिचा अंगठा आवाजाच्या चकतीवर होता. ती चकती उलटीकडे, शेवटपर्यंत फिरवली, तर तो सूर कानात सळई घातल्यासारखा जाईल. म्हाताऱ्या कानाला तर नक्कीच. 'चुकून हात लागला' म्हटलं की संपलं. सोबत काम करणाऱ्या सिस्सेलच्या हातून गेल्याच वर्षी तसं झालं होतं आणि मग दोघी त्या पेशंटला कॉफी पाजत बसल्या होत्या. अंगठ्याच्या पेराला चकतीच्या कडेची दातेरी रेघ जाणवत होती. विचार आला. पूर्ण आला, रंगारूपासकट: हेडफोन ओढून फेकणारे हात, उघडं तोंड, काचेमुळे न ऐकू येणारी किंकाळी. कुणाला तो दिसला नाही. काचेपलीकडून एब्बे तिच्याकडेच बघत होता आणि त्यालाही दिसला नाही. विचार थोडा वेळ उभा राहिला, त्याला बसायला कुणी खुर्ची दिली नाही, मग रस्त्यावरून बस जावी तसा तो गेला, आणि खिडकीची तावदानं किंचित थरथरून थांबावीत तसं तिच्या आत काहीतरी थांबलं. काचघरात विचाराला खुर्ची होती. तो दर शुक्रवारी यायचा, बसायचा, लोक त्याला ओळखायला लागायचे.

एब्बेचा असा एक विचार होता. पहिल्यांदा तो आला तेव्हा लाजत आला. एब्बे म्हणाला, "मेरेते जिन्यात गुणगुणते. माझी खोली जिन्यालगत. मला लिहिता येत नाही. मला तिचा राग येतो." ऐकलं. पुढच्या शुक्रवारी: "ती गुणगुणायला लागली की माझ्या हातांत काहीतरी येतं." ऐकलं. मग: "मला तिला ढकलावंसं वाटतं." यावर ऐकलं म्हणताना आवाजात एक नवा सूर लागला, लोक एखाद्या देवळात उभे असावेत तसा. कारण हेच तर हवं होतं. बाहेरच्या जगात असं काही पुरुषाच्या मनात येतं आणि तो गप्प बसतो आणि एक दिवस मारतो. आणि इथे बघा, एक माणूस सगळ्यांसमोर, जिच्याबद्दल बोलतोय तिच्यासमोर, रडत सांगतोय. हे म्हणजे विषारी दात काढून टाकलेला साप. मेरेतेनेही म्हटलं, ऐकलं. म्हटलं आणि उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खुर्चीवर बसून तीही सांगायचीच की, आपल्याला एब्बेचे विचार मोठे वाटतात, शहरात परत जावंसं वाटतं, प्रेबेनबरोबर झोपावंसं वाटतं, कधीकधी मूल नसतं तर बरं झालं असतं असंही वाटतं. सोल्वायनेही त्यावर ऐकलं म्हटलं होतं. गुणगुणते का, हे मेरेतेला कुणी विचारलं नाही. प्रश्न विचारायचा नसे.

कुणी असंही म्हटलं नाही की, मला ते गुणगुणणं आवडतं. आवडतं हे खुर्चीवर बसून सांगण्यासारखं कुणाला वाटायचंच नाही. खरं म्हणजे बोचणारं. जे बोचत नाही ते बहुतेक खोटं असणार, असं काहीसं ते होतं. ठरवलेलं नव्हतं, पण होतं.

चाचणी संपली. दोघं आता टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते, मधे त्याच्या कानांचा आलेख. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, रेघ सपाट आणि वर; उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, एकदम खाली कोसळलेली.

"तू माझ्यावर चिडलेली आहेस," एब्बे म्हणाला. "चेहऱ्यावर दिसतंय."

"पाय दुखतोय," सोल्वाय म्हणाली. "बसमध्ये कुणीतरी पाय दिला. बघा, तुम्हाला खालचे सूर उत्तम ऐकू येतात. वरचे गेलेत. म्हणून माणसं बोलतात ते कळतं, पण काय बोलतात ते कळत नाही."

"बरोब्बर. जो तो तोंडात बटाटा धरून बोलतो. आणि मला 'तुम्ही' म्हणू नकोस, मी काही राजा नाही."

"सवय आहे."

"वाईट सवय. तुझे हात थंड आहेत, आणि तुझा स्वेटर तुला शोभत नाही. रागावू नकोस, मी खरंच बोलतो. आश्रमात सगळ्यांना माहीत आहे. त्यांना आवडतं ते. आमची काळजी घेणारी लोने म्हणते, एब्बे, तू आहेस म्हणून इथे मोकळी हवा आहे." तो हसला. दात त्याचेच होते, लांब आणि पिवळे. "आणि म्हणून तुलाही सांगायला हवं. मी एका बाईला मारलंय. फार वर्षं झाली. जिन्यावरून ढकललं, मान मोडली. तुरुंगात होतो. मी हे सगळ्यांना सांगतो, दाताच्या डॉक्टरलाही सांगितलं. लोकांना आपण कुणाच्या कानात हात घालतोय ते कळलेलं बरं."

तो थांबला. ओठ किंचित उघडे, भुवया वर. कशाची वाट बघतोय हे जगात आता बहुधा दोघांनाच माहीत असेल. तो शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता, गोळीसारखा, चव होती त्याला.

"डावा कान इकडे करा," ती म्हणाली.

ती त्याच्या कानात दिव्याने बघत होती. गुलाबी, केसाळ, स्वच्छ. आत काही नव्हतं. आत कधीच काही नसतं. एवढी वर्षं ती लोकांच्या डोक्यात भोकातून डोकावते आहे आणि शेवटी एक पडदा लागतो, मोत्याच्या रंगाचा. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुझ्याशी लग्न म्हणजे बंद दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहणं. चांगला माणूस होता, सुतासारखा सरळ, कंटाळून गेला. त्याला तिने आई आजाराने गेली असं सांगितलं होतं. सिस्सेललाही तेच. सिस्सेल कधी आजाराचं नाव विचारायची तर दर वेळी वेगळं यायचं तोंडात.

"गंमत सांगू?" एब्बे कान तिच्या हातात देऊन म्हणाला. "बोलणं कळत नाही, पण आश्रमात एक बाई आहे, आग्नेते, ती जिन्यात गुणगुणते. लिफ्टने जात नाही, पायांना व्यायाम म्हणे. ते ऐकू येतं. उशी डोक्यावर घेतली तरी ऐकू येतं. आणि खरं सांगतो, माझ्या हातांत पुन्हा ते यायला लागलंय."

दिवा तिच्या हातात होता. तिने तो विझवला.

"हे कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"आणि मग?"

"मग काय? बरं वाटलं."

तो गेल्यावर तिने दार लावलं आणि डबा उघडला आणि तसाच बंद केला. बाहेर सिस्सेल कुणाला तरी सांगत होती, आजोबा, यंत्र कानात घालायचं, खिशात नाही, खिशाला ऐकू येऊन काय उपयोग. सोल्वायने आश्रमाला फोन लावला. लोनेच होती फोनवर. आवाजावरून तरुण, काहीतरी चघळत असलेली.

"अय्या, एब्बे! काय गोड आहे ना? तुम्हालाही स्वेटरबद्दल बोलला का? मला म्हणाला, तुझा पार्श्वभाग घोड्यासारखा आहे."

"तुमच्याकडे आग्नेते नावाच्या बाई आहेत," सोल्वाय म्हणाली. "त्यांच्याबद्दल तो जे म्हणतो ते गंभीर आहे. त्याला खालच्या मजल्यावर हलवा. किंवा त्यांना."

"हो हो, ते ढकलायचं. आम्हाला ठाऊक आहे, त्याने सांगितलंय. दर गुरुवारी आमचं गप्पांचं वर्तुळ असतं, तिथे तो सगळं बोलून टाकतो, म्हणून तर आम्ही निश्चिंत आहोत. जे बोलत नाहीत त्यांची भीती बाळगायची, असं आमचे मानसोपचारवाले सांगतात. आग्नेतेलाही त्याने तोंडावर सांगितलं. ती इतकी हसली! म्हणाली, चला, माझं गाणं ऐकणारा एक तरी निघाला."

"त्याने खरंच एकीला ढकललेलं आहे."

"तेही सांगितलंय त्याने. पहिल्याच दिवशी."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. सोल्वायला जाणवलं की आपण फोनची वायर बोटाला गुंडाळतोय आणि बोटाचं टोक पांढरं पडलंय.

"ती माझी आई होती," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मोठ्याने. शब्द बाहेर पडला आणि खोलीत काही हललं नाही. पलीकडे चघळणं थांबलं.

"अगं बाई," लोने म्हणाली. आणि मग आवाज मऊ करून, शिकवलेला मऊ: "हे सांगायला केवढं धैर्य लागलं असेल तुम्हाला. मनापासून आभार. आता जरा हलकं वाटत असेल ना?"

"त्याला खाली हलवाल का?"

"पुढच्या बैठकीत नक्की बोलते. त्याच्यासमोरच बोलू, म्हणजे लपवाछपवी नको."

फोन ठेवल्यावर सोल्वाय हलकी झालेली नव्हती. तिला उलट वाटत होतं की आपल्याकडे एकच वस्तू होती, ती आपण काउंटरवर ठेवली आणि बदल्यात काही न घेता दुकानाबाहेर आलो. मग त्या दुपारच्या स्वयंपाकघराचा वास आला, जो येणारच होता. डिसेंबर, शनिवार, चार वाजताच काळोख. उल्ला बटाटे सोलत होती, प्रेबेन टेबलापाशी बसला होता. सोल्वाय टेबलाखाली मांजराशी खेळत होती, मगाशी मेरेते वरून स्वेटर आणायला गेली होती. जिन्यातून नेहमीचं ते तोंड मिटून गायलेलं खाली येत होतं, पायरीपायरीने, आणि मग ते खाली येण्याआधीच थांबलं. धडधड झाली. लाकडं पडली असं वाटलं. थोड्या वेळाने एब्बे दाराच्या जागी, जिथे दार नव्हतं तिथे, येऊन उभा राहिला. हात अंगापासून जरा लांब धरलेले, ओले असल्यासारखे. तो शुक्रवारच्याच आवाजात म्हणाला, "मी मेरेतेला ढकललं."

आणि उल्ला, हातात सुरी, डोळे त्याच्यावर, म्हणाली, "ऐकलं."

प्रेबेनही म्हणाला. टेबलाखालून बारीक आवाजात आणखी कुणीतरी म्हणालं. सवय होती. शब्द तोंडातून निघून गेल्यावर मग त्यांना ऐकू आलं, आणि मग सुरी पडली, खुर्च्या पडल्या, मग सगळे धावले.

पोलिसाला त्यांनी सगळं खरं सांगितलं. त्याला काही उकरून काढावं लागलं नाही. तो तरुण होता, टोपी काखेत, सतरंजीवर बूट ठेवायला संकोचत होता. बराच वेळ लिहून तो थांबला आणि म्हणाला, "म्हणजे हा असं करणार, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?" "अर्थात," उल्ला म्हणाली, "आमच्यात लपवाछपवी नाही." म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात अजून अभिमान होता. तो कसा गेला, चेहऱ्यावरून आधी आणि मग खांद्यांवरून, ते सोल्वायने खालून पाहिलं. माणसाच्या मनातलं तिने स्पष्ट वाचलं असं आयुष्यात तेवढंच.

एब्बे दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने ऐकण्याच्या यंत्रासाठी त्याच्या कानांचे साचे घेतले. असल्या कानांना खरं तर उघडं टोक बसवायचं असतं, छत्रीसारखं, भोकं असलेलं. खालचे सूर आपले आपण आत येतात, यंत्राने फक्त वरचे वाढवायचे. पहिल्या वर्षाची मुलंही हे सांगतील. तिने गुलाबी लगदा मळला, पिचकारीत भरला आणि त्याच्या कानात सोडला. तो कडक व्हायला काही मिनिटं लागली. त्याला त्या वेळी काहीच ऐकू येत नव्हतं. चेहरा लहान मुलासारखा, थोडा घाबरलेला. तिला आठवलं, या माणसाने मला लाकडाचा हंस करून दिला होता, मान हलणारा. तिला ते आठवायला नको होतं.

"असे घट्ट साचे का मागवतेस?" सिस्सेलने कागद बघून विचारलं होतं. "याचे खालचे सूर तर चिमणीसारखे टुणटुणीत आहेत. बिचारा पिंपात बसल्यासारखा होईल."

"खाज येते त्याला उघड्या टोकांनी. त्यानेच सांगितलं."

"मग ठीक. तो म्हणे खोटं बोलतच नाही."

साचे आले. भोक नसलेले, पाण्याच्या नळाला बूच बसावं तसे. यंत्रात तिने वरचे सूर वाढवले, माणसांचे शब्द, त्यांच्या कडा, 'स' आणि 'त' आणि 'च', जे त्याला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. खालच्या बाजूला काहीच दिलं नाही. तिथे तिने भिंत ठेवली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं: एका माणसाचा चांगला असलेला भाग ती त्याला न विचारता बंद करत होती. मोटरबोटींचा धडधडाट जाईल, चर्चमधल्या ऑर्गनची खालची नळी जाईल, स्वतःचा आवाज त्याला परका वाटेल. हे चूक होतं. तिच्याजवळ दुसरं दार नव्हतं.

"बोला काहीतरी," ती म्हणाली.

"एक दोन तीन. अरे! मी विहिरीतून बोलतोय."

"सवय होईल."

"आणि तुझं... थांब. पुन्हा बोल."

"सवय होईल, म्हटलं."

"'स'," एब्बे म्हणाला. "तुझा 'स' ऐकू आला." त्याचे डोळे भरले. त्याचे नेहमीच भरायचे. मग त्याने मान तिरकी केली आणि लक्ष देऊन काहीतरी ऐकू लागला, किंवा काहीतरी ऐकू येत नाही हे ऐकू लागला. रस्ता. खालच्या मजल्यावरचं यंत्र. "काहीतरी गेलंय," तो म्हणाला. "खालून काहीतरी गेलंय. शांत झालंय. काय केलंस तू?"

"काही नाही. शब्द स्वच्छ यावेत म्हणून थोडं जमवलं."

"खरं सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे झुकला होता, हात टेबलावर, बोटं थोडी पसरलेली, आणि त्याचे ते फिकट डोळे तिच्या चेहऱ्यावरून ओळीवरून बोट फिरवावं तसे फिरत होते. आत शिरायची जागा शोधत होते. तिथे जिना होता, सतरंजी होती, चकतीवरचा अंगठा होता, हंस होता. सगळं दाराच्या आत. तिने मुठीवरचा हात सोडला नाही.

"खरंच सांगतेय," ती म्हणाली. "एवढंच केलं. झोपतानाही काढू नका. पहिले काही महिने तर नाहीच."

"दिवसरात्र?"

"दिवसरात्र. नाहीतर कान शिकत नाहीत."

तो मागे टेकला. समाधानाने हसला. "खोटं बोलत नाहीस तू," एब्बे म्हणाला. "मला कळतं. माणसाचा चेहरा काचेसारखा असतो, बघायला शिकावं लागतं फक्त." कोट चढवताना त्याने तिचा हात हातात घेतला, दोन्ही हातांत. ते हात उबदार होते. तिने आपला ओढून घेतला नाही. लिफ्ट होती, पण तो जिन्याने गेला. ती दारात उभी राहून त्याची पावलं न मोजता ऐकत राहिली, खाली, आणखी खाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपलं तोंड मिटलेलं आहे आणि घशात काहीतरी घुमतंय, खालच्या पट्टीत, हळू, आणि ते ऐकून जिन्यात कुणी थांबलेलं नाही.

आग्नेतेला ती कधी भेटली नाही. ती गाते की नाही हे विचारायला सोल्वाय दर महिन्याला आश्रमात फोन करते, यंत्राच्या तपासणीच्या निमित्ताने. गाते, लोने सांगते. अगदी बेसूर.

काचघराच्या जिन्यावरचा दिवा त्या हिवाळ्यात गेलेला होता, आणि सोल्वायला अंधाराची भीती वाटायची. मेरेते जिन्यात गुणगुणायची ती मुलीला कळावं म्हणून, की आई आत्ता कुठल्या पायरीवर आहे.